खफकान, काळीज आणि काळजी

उर्दूत ‘खफकान’ नावाचा एक शब्द आहे. अरबीतून फारसीत आणि फारसीतून उर्दूत आलेला. तिब्बच्या, म्हणजे युनानी वैद्यकाच्या ग्रंथांत तो हृदयाच्या धडधडीसाठी वापरला जातो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘खफकानी’ म्हटले की सतत धास्तावलेला, नसत्या शंका काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आजाराला आणि भीतीला एकच शब्द.

मराठीने वेगळ्या वाटेने जाऊन हेच केले आहे. ‘काळजी’ या शब्दाच्या पोटात ‘काळीज’ बसले आहे. खाटकाकडे कलेजी मागितली तर यकृत मिळते, पण ‘काळजात धस्स झालं’ म्हणताना आपला हात छातीवरच जातो. शरीरशास्त्राच्या हिशेबाने हे चूक आहे. पण भीती आणि छातीतली धडधड एकत्र येतात, हे या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी ईसीजीचे यंत्र निघण्याच्या कितीतरी शतके आधी ओळखले होते.

शब्द जोडले गेले, त्याचा त्रासही झाला. ज्याला नुसती भीती आहे तो स्वतःला हृदयरोगी समजून झुरतो आणि जिच्या हृदयात खरोखर काही बिघडले आहे तिला घरचे ‘तुला उगाच घबराहट होते’ म्हणून गप्प बसवतात. या दोघांना वेगळे कसे करायचे, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फार जुना आहे. त्याची उत्तरे शोधताना जे हाती लागते ते आज, डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या चार दिवसांतही उपयोगी पडते.

वाकडमधले ते चार दिवस

वाकड, थेरगाव, काळेवाडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे चार दिवस चांगले ठाऊक आहेत. एका बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला भोसरी आणि चाकणचे कारखाने. घरटी एक तरी माणूस रात्रपाळी करणारा. पहाटे बस सोडून घरी आले, डाव्या कुशीवर आडवे झाले की छातीत काहीतरी चुकल्यासारखे वाटते. एक ठोका गायब होतो, पुढचा जोरात बसतो. मग झोप उडते. बायको म्हणते, गॅस असेल. शेजारी म्हणतो, माझ्या साडूला असेच झाले होते आणि तो गेला. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळते ती पुढच्या आठवड्यातली. तोवर माणूस दिवसातून पन्नास वेळा मनगट धरून बसतो, आणि जितके धरतो तितकी नाडी पळते.

हा अनुभव नवा आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्याने थोडे मागे जायला हवे.

हकिमाची बोटे

इब्न सीना (९८०–१०३७) यांचा ‘अल-कानून फित-तिब्ब’ हा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत लिहून झाला. त्यात नब्जवर, म्हणजे नाडीवर, सविस्तर प्रकरणे आहेत. त्यामागे ग्रीक वैद्य गॅलेनची परंपरा होती, पण इब्न सीना यांनी ती व्यवस्थित मांडली. नाडी कशी तपासायची याचे दहा निकष, आणि मग नाडीच्या चालीची नावे. हरणासारखी उसळणारी ती ‘गजाली’, लाटेसारखी ती ‘मौजी’, मुंगीच्या चालीची ती ‘नमली’, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी ती ‘जनबुल-फार’. आपल्याकडच्या शार्ङ्गधर संहितेतही नाडीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा आहे. बोटांना जे जाणवते ते सांगायला दोन्ही परंपरांना प्राण्यांचीच मदत घ्यावी लागली.

आपल्या विषयाला लागू पडणारी दोन नावे वेगळी आहेत. ‘जुल-फत्रा’ म्हणजे ठोका यायला हवा तिथे विराम पडणारी नाडी. ‘वाकिअ फिल-वस्त’ म्हणजे विराम हवा तिथे मध्येच ठोका पडणारी नाडी. पहाटे कुशीवर पडलेल्या माणसाला ज्याने झोप लागत नाही, ते हेच. आज डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात. हृदयाचा एक ठोका वेळेआधी पडतो. तेवढ्यात हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो मनगटापर्यंत नीट पोहोचत नाही. मग थोडा विराम पडतो, हृदय नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका छातीत आपटल्यासारखा लागतो. असे ठोके धडधाकट माणसांनाही येतात आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात.

इब्न सीना यांनी आणखी एक भेद केला. अनियमित नाडीचे त्यांनी दोन वर्ग मानले. अनियमितपणातही काही क्रम असलेली ती ‘मुंतजिम’ आणि कसलाच क्रम नसलेली ती ‘गैर-मुंतजिम’. आजचा डॉक्टर मनगट धरतो तेव्हा त्याच्या मनात हाच प्रश्न असतो. अजिबात ताल नसलेली नाडी लागली तर त्याला एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते, ज्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा, म्हणजे लकव्याचा धोका असतो.

हकिमांना या मागची कारणे माहीत नव्हती. हृदयातून वीज वाहते हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण त्यांची बोटे जे टिपत होती ते खरे होते.

हात धरण्याआधी थांबणे

‘अल-कानून’मध्ये एक साधी सूचना आहे. नाडी बघायची तर माणूस रागात, आनंदाच्या भरात किंवा दमलेला नसावा. पोट गच्च भरलेले नसावे, भुकेलेलेही नसावे. कारण या सगळ्यांनी नाडी बदलते आणि हकीम फसतो.

रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात हे याहून थेट लिहून ठेवले आहे. अनुभवी वैद्य रोग्याजवळ येताच त्याचा हात पकडत नाही. आधी प्रसन्न चेहऱ्याने बसतो, विचारपूस करतो, त्याची भीती घालवतो, मग नाडीला हात लावतो. वैद्याला काय सापडेल या धास्तीनेच नाडी बिघडू शकते, असे सेल्ससचे म्हणणे. आज दवाखान्यात रक्तदाब मोजताना नर्स पाच मिनिटे शांत बसायला सांगते, त्यामागचे कारणही हेच आहे.

इब्न सीना यांनी ही गोष्ट उलटीकडूनही वापरली. प्रेमात पडून खंगलेल्या तरुणाची नाडी धरायची आणि एकेक नाव घेत जायचे. ज्या नावाला नाडी उसळेल ते त्याच्या मनातले नाव, असे ‘अल-कानून’मध्ये लिहिले आहे. निजामी अरूजी यांनी बाराव्या शतकातल्या ‘चहार मकाला’त गुरगानच्या एका तरुणाची अशीच गोष्ट सांगितली आहे. आपण तिच्याकडे प्रेमकथा म्हणून बघतो. वैद्यकाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की नाडी मनाचे ऐकते, हे तबीब मान्य करत होते आणि तपासताना जमेस धरत होते. मन शांत असताना नाडी कशी आहे, अस्वस्थ असताना कशी आहे, अशा दोन नोंदी शेजारी ठेवल्या तरच काही कळते.

मोजणीची सोय मात्र त्यांच्याकडे नव्हती. ती १७०७ मध्ये आली. जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करून घेतले आणि त्यावर पुस्तक लिहिले. ‘जलद’, ‘मंद’ या शब्दांच्या जागी आकडा आला.

सैनिकांचे हृदय

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. फिलाडेल्फियातल्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडिस दा कोस्टा या डॉक्टरकडे असे सैनिक येऊ लागले, ज्यांना छातीत धडधड, दुखणे, दम लागणे, थकवा असा त्रास होता. हृदय तपासावे तर काही सापडत नव्हते. त्यांना ढोंगी ठरवून परत पाठवणे सोपे होते. दा कोस्टाने तसे केले नाही. ३०० सैनिकांच्या नोंदी ठेवल्या आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध केल्या. बरेच जण ताप किंवा अतिसारातून उठले होते, बऱ्याच जणांनी कूच आणि पहारे करून शरीर झिजवले होते.

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटनपुढे आला. थॉमस लुइस यांच्याकडे असे हजारो सैनिक होते. लुइस हे साधे नाव नव्हे. अजिबात ताल नसलेली नाडी म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हे ईसीजीने दाखवून देणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत ते होते, १९०९ मध्ये. म्हणजे खरा हृदयरोग ओळखणारा माणूसच या सैनिकांकडे बघत होता. त्यांनी अनेकांना अंथरुणातून उठवले, हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला आणि १९१८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

चाकणहून रात्रपाळी करून येणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. झोपेविना राबलेल्या, आजारातून नुकत्याच उठलेल्या शरीराची धडधड खरी असते, ती नाटक नसते. आणि हृदय ठीक असल्याचे तपासणीत ठरले, तर अंथरूण धरून बसणे हा तिच्यावरचा उपाय नाही.

विजेचा कागद

लुइस यांच्या हातातले यंत्र नेदरलँड्समधल्या लायडन शहरात तयार झाले होते. विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०३ मध्ये ते जगापुढे मांडले. सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे, चालवायला पाच माणसे लागणारे. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसायचा. यंत्र प्रयोगशाळेबाहेर हलवणे शक्य नव्हते, म्हणून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार जोडली आणि रुग्णाच्या हृदयाची वीज तारेतून आणली. १९२४ मध्ये आइन्थोव्हेन यांना नोबेल मिळाले. आज ईसीजी निघायला काही मिनिटे पुरतात. पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातही तो निघतो.

पण ईसीजीचा कागद काही सेकंदांचीच हकीकत सांगतो. धडधड पहाटे झाली आणि कागद दुपारी निघाला, तर तो सरळच येणार. ही अडचण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर यांनी ओळखली. त्यांचे पहिले यंत्र पाठीवर बांधायचे होते आणि ते जवळपास ३८ किलोचे होते. १९६१ पर्यंत ते खूप लहान झाले. आज डॉक्टर २४ तासांचा ‘होल्टर’ लावायला सांगतात, तो हाच. होल्टर लावला की सोबत एक कागदही देतात. केव्हा धडधडले, तेव्हा काय करत होता, हे त्यावर लिहायचे असते. यंत्र कितीही चांगले असले तरी रुग्णाची नोंद लागतेच.

रुग्णाचे ऐकून घेतल्याने काय होते, याचे एक उदाहरण १९१२ चे आहे. कारेल वेन्केबाख या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला. नाडी पूर्ण बेताल. डॉक्टर म्हणाले, यावर आपल्याकडे औषध नाही. व्यापारी म्हणाला, मी ती उद्या नियमित करून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच नियमित नाडी घेऊन आला. त्याने क्विनाइन घेतले होते, हिवतापाचे औषध. ते घेतल्यावर आपली नाडी सुधारते हे त्याने स्वतःच टिपले होते. वेन्केबाख यांनी १९१४ मध्ये ही हकीकत लिहिली आणि तिथूनच पुढे क्विनिडीन हे हृदयाच्या तालाचे औषध आले. आपण मात्र हा प्रयोग घरी करायचा नाही, क्विनाइन आणि क्विनिडीन दोन्ही घातक ठरू शकतात. घ्यायची ती त्याची टिपण्याची सवय.

अजमल खान यांच्या नावाचे औषध

आपल्या देशाचाही या इतिहासात एक धागा आहे आणि तो थेट तिब्बशी जोडलेला आहे. हकीम अजमल खान यांना आपण काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती म्हणून ओळखतो. त्यांनी उभारलेल्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींनी १९२१ मध्ये केले. जुनी औषधे आधुनिक रसायनशास्त्राने तपासली गेली पाहिजेत, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिथे संशोधन सुरू केले. अजमल खान १९२७ च्या अखेरीस वारले होते. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला हकीमसाहेबांचे नाव दिले, ‘अजमलीन’.

हे अजमलीन पुढे हृदयाच्या बिघडलेल्या तालावरचे औषध ठरले. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक विकार आहे, ज्यात धडधाकट दिसणारा तरुण अचानक दगावू शकतो. साध्या ईसीजीत तो कधीकधी लपून राहतो. तो उघडा पाडण्यासाठी जगातल्या अनेक रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच अजमलीन टोचतात.

सर्पगंधा आपल्या लोकांत वेडावरची, बेचैनीवरची मुळी म्हणून प्रसिद्ध होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. एकाच मुळीत मनाचे औषधही होते आणि हृदयाचेही. म्हणूनच ती जपून वापरायची गोष्ट आहे. कुणी सांगितले म्हणून सर्पगंधेची भुकटी खाणे धोक्याचे आहे, तिने रक्तदाब फार खाली जाऊ शकतो आणि मन खचू शकते. हकीमसाहेबांचा आग्रह तपासून घेण्याचा होता, हे विसरू नये.

पिंपरीचा कारखाना

दुसरा धागा तर वाकडपासून काही किलोमीटरवर आहे. पिंपरीत १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. या शहराची औद्योगिक ओळख तिथून सुरू झाली. पेनिसिलीनचा हृदयाच्या तालाशी काय संबंध? लहान मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, त्यावर उपचार झाला नाही तर काहींना संधिवाताचा ताप येतो. तो सांध्यांतून निघून जातो, पण हृदयाच्या झडपेवर व्रण ठेवतो. वर्षांनी झडप अरुंद होते, वरचा कप्पा फुगतो आणि एक दिवस नाडी बेताल होते. दाटीवाटीच्या वस्त्यांत हा आजार जास्त दिसतो. पेनिसिलीनने तो मुळातच रोखता येतो.

म्हणून लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बाळंतपणात पहिल्यांदा दम लागून झडपेचा आजार कळलेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. त्याआधी कित्येक वर्षे त्यांना ‘अशक्तपणा आहे’ एवढेच ऐकवले गेलेले असते.

तोवर काय करायचे

आधी, कधी थांबायचे नाही ते. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीवर दाब आला किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे गेले, दम लागला, तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, यातले काहीही झाले तर पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. बसल्याजागी नाडी खूप जलद होऊन थांबतच नसेल तरी तेच. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, किंवा आपल्याला हृदयाचा आजार आधीपासून असेल, तर तपासणी पुढे ढकलू नये.

यातले काही नसेल तर इब्न सीना यांच्या सूचनेप्रमाणे वागावे. दिवसातून दोनदाच नाडी बघायची, पन्नास वेळा नाही. पाच मिनिटे शांत बसून, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजायची. निवांत असताना मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. धडधड झाली तर वही काढायची आणि तारीख, वेळ, किती मिनिटे, काय करत होतो हे लिहायचे. एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, ताल होता की नव्हता, तेही लिहायचे. त्या दिवशी झोप किती झाली, चहा किती, तंबाखू, मिश्री, गुटखा किती, हेही. ताप, जुलाब झाले होते का, दम्याचा पंप किंवा सर्दीची गोळी घेतली का, तेही.

बायकांनी पाळीत रक्त जास्त जाते का, हे संकोच न करता सांगावे. रक्त कमी असले किंवा थायरॉइड बिघडले तरी धडधड होते, आणि दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळते. शेजाऱ्याची बीपीची गोळी घेऊ नये आणि आपली चालू असलेली गोळी बंद करू नये.

रात्री ठोका चुकला की उठून बसावे, श्वास हळू सोडावा आणि वहीत एक ओळ लिहून ती मिटावी. लिहिलेली गोष्ट मनात घोळवायची गरज कमी होते. आठवडाभराने त्या वहीत काहीतरी दिसू लागते. कुणाच्या सगळ्या नोंदी रात्रपाळीच्या सकाळच्या निघतील, कुणाच्या चौथ्या चहानंतरच्या. आणि कुणाच्या नोंदींना काहीच क्रम नसेल. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, पण तिन्ही वह्या त्यांना कामाच्या आहेत.

कुणी तुम्हाला ‘खफकानी’ म्हटले, किंवा तुमच्या घरात एखादी बाई छातीवर हात ठेवून बसली आणि तिला कुणी ‘घबराहट आहे, होईल बरं’ म्हणून उठवले, तर दोन्ही वेळा तीच वही काढावी. डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘कधीपासून होतंय?’ त्यावर ‘बरेच दिवस झाले’ असे मोघम सांगण्यापेक्षा तारीख आणि वेळ सांगता यावी.